कोणती शहरे सोडावीत?

१८९१ साली मोहनदास गांधी विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा राजकोटला नेण्यापूर्वी त्यांच्या वडील बंधूंनी त्यांना नाशिकला आणले आणि गोदावरीत स्नान घातले. समुद्र ओलांडल्याचा दोष धुऊन निघावा आणि जातीने पुन्हा पंगतीत घ्यावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. अंगाला लागलेला युरोप धुऊन टाकण्यासाठी ज्या गावी माणसे येत, त्याच गावात आज दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी युरोपच्या सहलीची रंगीत माहितीपुस्तिका पडलेली दिसते. जावे की न जावे हा प्रश्न आता उरला नाही. त्याची जागा दुसऱ्या प्रश्नाने घेतली आहे, आणि तो म्हणजे कुठे कुठे जावे? लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंडचे डोंगर, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसाचा कलता मनोरा, रोम. इतकी गावे, हाताशी दिवस बारा, आणि पैसा वीस वर्षांच्या काटकसरीचा!

हा प्रश्न केवळ सोयीचा आहे, त्यात नीतीचा संबंध कुठे येतो, असे कोणी विचारील. मला मात्र तो थेट नीतीचा प्रश्न वाटतो. माणूस काय निवडतो यापेक्षा तो काय सोडायला तयार होतो यावरून त्याची पारख होते, आणि मर्यादित दिवसांच्या प्रवासात सोडण्यावाचून गत्यंतर नसते.

जास्तीत जास्त शहरे पाहावीत, असे म्हणणाऱ्यांची बाजू प्रथम ऐकली पाहिजे. तिची थट्टा करणे फार सोपे आहे. सकाळी एक देश, दुपारी दुसरा, आणि रात्री हॉटेलात पोहोचल्यावर आपण कोणत्या गावी आहोत हे सहप्रवाशाला विचारायचे, अशी विनोदी चित्रे आपण पुष्कळ वाचली आहेत. परंतु ज्या कारकुनाने, ज्या शिक्षिकेने जन्मभर पैपै जोडून एकदाच हा योग आणला, तिला पुन्हा येणे होणार नाही हे पक्के ठाऊक असते. पुन्हा येऊ शकणाऱ्याने तिला सावकाशीचा उपदेश करणे म्हणजे पोट भरलेल्याने उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. शिवाय ज्या गृहिणीने चाळीस वर्षे स्वयंपाकघराचा उंबरा सोडला नाही, तिला बारा दिवस आयते ताट मिळणे आणि खिडकीतून नुसते शेतमळे पाहत बसणे हाच केवढा तरी प्रवास असतो. बस कोणत्या शहराकडे चालली आहे हा तिच्या दृष्टीने गौण भाग होय.

हे सारे मान्य केले तरी एक शंका राहते. पुष्कळ पाहिले म्हणजे पुष्कळ मिळाले काय? पॅरिस ते रोम हे अंतर रस्त्याने सुमारे चौदाशे किलोमीटर आहे, म्हणजे नाशिक ते दिल्लीपेक्षाही जास्त. बारा दिवसांत सात देश करणाऱ्याचा मोठा वेळ मोटारीत, सामानाची बांधाबांध करण्यात आणि रांगेत उभे राहण्यात जातो. आपल्याच गावाचे उदाहरण घ्या. बाहेरगावचा यात्रेकरू रिक्षा ठरवून एका दिवसात काळाराम, सीतागुंफा, तपोवन आणि पांडवलेणी उरकतो आणि जमल्यास त्र्यंबकही गाठतो. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती त्याला दिसतो. तो हात जोडतो आणि पुढे जातो. पण नाशिककराच्या लेखी तो मारुती म्हणजे पुराचे मोजमाप आहे. पावसाळ्यात पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, अशी बातमी घरोघर फिरते, आणि त्यावरून सराफ बाजारातले दुकानदार आपला माल हलवायचा की नाही ते ठरवतात. एकच मूर्ती, एकाने तिचे दर्शन घेतले, दुसऱ्याला ती कळली. हे कळणे एका दिवसात होत नाही. पॅरिसच्या पुलांची आणि रोमच्या कारंजांचीही अशीच काही बोली असणार आणि ती तिथल्या रहिवाशांनाच ठाऊक असणार. निदान दोन रात्री राहिल्यावाचून तिचा एखादा शब्दही कानी पडायचा नाही.

ज्या गांधींना नाशिकला स्नान घातले, त्यांनीच पॅरिसच्या आपल्या सात दिवसांविषयी आत्मकथेत मोठ्या प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. आयफेल मनोरा तेव्हा नवा होता. त्यावर ते दोनतीनदा चढले, आणि इतक्या उंचावर बसून जेवलो असे सांगता यावे एवढ्यासाठी त्यांनी सात शिलिंग खर्च केले. पण त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला तो नोत्र दामसारख्या जुन्या मंदिरांचा. आपल्या सर्वांच्या प्रवासात हे दोन्ही खर्च असतात. काही शहरे आपण पाहण्यासाठी निवडतो आणि काही सांगण्यासाठी. हल्लीच्या दिवसांत तर सांगण्याचे काम खिशातला फोनच करतो. एखाद्या शहरात छायाचित्र काढता येणार नाही आणि परतल्यावर त्याचे नावही कोणापाशी घेता येणार नाही, अशी अट घातली, तरी आपण तिथे जाऊ काय? यादीतल्या प्रत्येक नावापुढे हा प्रश्न लिहून पाहावा. निम्मी यादी आपोआप गळेल.

उरलेल्या निम्म्या यादीला कसोटी कोणती लावावी? शेंगेन देशांच्या व्हिसाच्या नियमातच मला ती अकस्मात सापडली. तुमचा मुक्काम ज्या देशात सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करा, असा तो नियम आहे. सगळीकडे सारखेच राहणार असाल, तर जिथे प्रथम पाऊल ठेवाल तिथे. वरवर रुक्ष दिसणारा हा नियम माणसाला विचारतो की, बाबा रे, तुझा मुख्य मुक्काम कोणता? या सगळ्या हिंडण्यात तुझे खरे काम कुठे आहे?

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांना याचे उत्तर पक्के ठाऊक होते. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले, ते चलच्चित्रांची विद्या शिकण्यासाठी. दोनच आठवड्यांचा मुक्काम झाला. तेवढ्यात सिनेमाच्या एका साप्ताहिकाच्या संपादकाची ओळख झाली, स्टुडिओतले काम डोळ्यांखालून गेले, विल्यम्सनचा कॅमेरा ठरला, आणि ते परतले. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला. दोन आठवड्यांत एक शहर पाहून माणूस इतके घेऊन येतो, कारण काय घ्यायचे ते तो घरून ठरवून गेलेला असतो.

प्रत्येकाजवळ फाळक्यांचे काम नसते, हे खरे. पण नाते तरी असते. मार्सेय हे फ्रान्सचे मोठे बंदर आपल्याकडच्या ठराविक सहलीत सहसा नसते. तरी नाशिकजवळच्या भगूरचा मुलगा ते नाव शाळेतच ऐकतो, कारण ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली ती तिथे. इटलीत फ्लॉरेन्सहून रोमकडे जाणाऱ्या बसमधल्या मराठी प्रवाशांना कोणी सांगत नाही की, याच टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी, माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे नावाच्या बावीस वर्षांच्या नाईकाने सगळे सोबती पडल्यावर एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे घेतले आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कुठे नाही. कॅसिनो येथील स्मारकावर नाव तेवढे आहे. २०२३ साली त्या भागातल्या मोंतोने या लहानशा गावी त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघटिकेचे स्मारक उभारण्यात आले. पिसाच्या मनोऱ्याला हात टेकल्याचे छायाचित्र सोडून कोणी एक दिवस मोंतोनेला दिला, तर त्याने काही गमावले असे मला वाटणार नाही.

परंतु या कसोटीतही एक धोका आहे. आपल्याच माणसांच्या खुणा शोधत हिंडलो, तर परदेशी जाऊनही आपण आपल्यालाच भेटून परत यायचे. मग घर सोडण्याचे प्रयोजन काय? नाते रक्ताचे आणि मातीचे असते, तसेच ते वाचनाचेही असते. माझ्या परिचयातल्या एका घरची हकीकत सांगतो. मुलाला स्वित्झर्लंडचा बर्फ हवा होता, सुनेला पॅरिस, नातवाला फुटबॉलची मैदाने. आजी कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. सुनेने विचारले, “आई, तुम्हांला कुठे जायचंय?”

“मला गं काय? तुम्ही न्याल तिकडे.”

सून समजूतदार. तिने दुसऱ्या दिवशी, कोणी नसताना, पुन्हा विचारले. तेव्हा आजी संकोचून म्हणाल्या, “ती मुलगी लपून बसली होती ना, डायरी लिहिणारी, तिचं घर अजून आहे का गं?”

आमच्या नाशिकच्या १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयातून आणून त्यांनी ॲन फ्रँकची रोजनिशी मराठीत वाचली होती, तीही एकदा नव्हे, तीनदा. घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठचे ते घर आहे; १९६० सालापासून ते सर्वांना पाहता येते. पण प्रवेशपत्रे वेळ ठरवून आगाऊ घ्यावी लागतात, म्हणून घाईच्या सहली कालव्यातून नाव फिरवून पुढे निघतात. त्या कुटुंबाने ब्रसेल्स आणि पिसा ही दोन गावे गाळली आणि ॲमस्टरडॅमला दोन रात्री काढल्या. पुस्तकांच्या कपाटामागचा तो जिना आजी गुडघेदुखी विसरून चढल्या, असे सून सांगत होती.

ही हकीकत मी सांगितली ती पुस्तकाच्या थोरवीसाठी नव्हे. शहरांची निवड हा घरातल्या न्यायाचा प्रश्न आहे, म्हणून सांगितली. आपल्या घरांत ‘मला काय, कुठेही चालेल’ असे म्हणणारे एक माणूस हमखास असते, आणि बहुधा ती बाई असते. तिचे हे म्हणणे खरे मानणे फार सोयीचे असते. जो मोठ्याने मागतो त्याचे शहर यादीत जाते. जो गप्प राहतो त्याच्या वाट्याला इतरांची सामानाची पेटी येते. एरवी वर्षभर जे घरात चालते, तेच आपण विमानात भरून पॅरिसला नेतो. म्हणून बेत आखताना आवाजाचा क्रम उलटा करावा. सर्वांत हळू बोलणाऱ्याला सर्वांत आधी विचारावे, आणि पहिल्या नकारावर विसंबू नये.

आणखी एक पक्ष या वाटाघाटीत हजर नसतो. तो म्हणजे ते शहर. व्हेनिसच्या जुन्या भागात १९५१ साली पावणेदोन लाख माणसे राहत. आता पन्नास हजारही उरली नाहीत. घरांची हॉटेले झाली आणि राहणारा माणूस उठून गेला. २०२४ सालापासून त्या शहराने वर्षातल्या ठराविक दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांवर पाच युरोंचा कर बसवला. रात्री मुक्काम करणाऱ्याला मात्र तो द्यावा लागत नाही. हा भेद नाशिककराला चटकन समजावा. सिंहस्थात लाखो माणसे आली की आपल्याच गल्लीत आपल्याला पास दाखवून शिरावे लागते. २००३ सालच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक दगावले, हे आपण विसरलेलो नाही. पाहुणा आणि गर्दी यांतला फरक यजमानाला कळतो, आणि आपण तर पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान आहो. मग पाहुणे होऊन जाताना ती जाणीव घरी कुलपात का ठेवावी? ज्या शहरात आपण केवळ दोन तास उतरणार, रांग वाढवणार आणि निघणार, ते शहर सोडून देणे हा त्या शहराचाही मान आहे.

आपल्या जुन्या यात्रेत एक फार शहाणी रीत होती. काशीला जाऊन आलेला माणूस तिथे एखादी आवडती वस्तू सोडून येई. कोणी एखादे फळ सोडी, कोणी एखादी भाजी, आणि ते पुढे जन्मभर पाळी. त्यातला श्रद्धेचा भाग ज्याने त्याने आपल्यापुरता ठरवावा. पण प्रवास म्हणजे सगळे पदरात पाडून घेणे नसून जाणूनबुजून काही सोडणेही त्यात आले, ही समज त्या रीतीत होती. युरोपच्या प्रवाशानेही यादी करताना दोन रकाने आखावेत, एक पाहण्याच्या गावांचा आणि दुसरा सोडण्याच्या गावांचा. दुसऱ्या रकान्यातली नावे हळहळत न लिहिता, कोणासाठी आणि कशासाठी सोडली हे समोर नोंदून लिहावीत. रोम सोडले ते आजीच्या जिन्यासाठी, व्हेनिस सोडले ते व्हेनिससाठी, अशी नोंद ज्या कागदावर असेल, तो कागद परतल्यावरही जपून ठेवण्याजोगा होईल. कधी काळी नातवंडे निघतील, तेव्हा त्यांना त्या दुसऱ्या रकान्यापासून सुरुवात करता येईल.