चूक परीक्षकाची, गुण कोणाचे?

मुलाने पेपरात चूक केली तर त्याचे गुण कापले जातात, आणि ते योग्यच आहे. पण पेपर काढणाराच चुकला तर गुण कोणाचे कापावेत?

येथे सांता क्लारात आपली मुले एसएटी ही परीक्षा देतात. मे १९८२ मध्ये सुमारे ३ लाख मुले तिला बसली होती. गणितात एक प्रश्न असा होता : मोठ्या वर्तुळाच्या एक तृतीयांश त्रिज्या असलेले लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेकडेने गडगडत मूळ जागी आले, तर त्याचे स्वतःभोवती किती फेरे झाले? परीक्षकांचे उत्तर होते ३. खरे उत्तर ४. कारण लहान वर्तुळाच्या केंद्राला चौपट त्रिज्येचा वळसा पडतो. आणि छापलेल्या पाच पर्यायांत ४ नव्हतेच! तिघा मुलांनी पत्रे लिहून हे दाखवून दिले. तेव्हा प्रश्न रद्द होऊन सर्वांचे गुण पुन्हा मोजले गेले.

आपल्या महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२३ मध्ये बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीच्या सूचना व नमुना उत्तर छापले गेले. मंडळाने काही अटींवर ६ गुण दिले.

वाचकहो, यातला कोणता न्याय खरा? प्रश्न रद्द केला, तर त्यावर डोके शिणवलेल्या मुलाची गेलेली मिनिटे कोण परत देणार? गुण वाटले, तर जाणता आणि अजाणता एकाच मापाने मोजला जातो. आमच्या मते पुरती भरपाई कोणत्याच मार्गाने होत नाही. म्हणूनच मंडळाचे मुख्य कर्तव्य उरते ते तक्रार ऐकण्याचे. डोकी मोजली असती तर ३ लाखांपुढे तिघे वेडे ठरले असते. सत्य बहुमताने ठरत नाही.

२०२४ पासून येथे ही परीक्षा संगणकावर होते. दोन मुलांपुढचे प्रश्न सारखेच असतील असे नाही, आणि प्रश्नपत्रिका घरी येत नाही. चूक पकडणे आता अधिक कठीण झाले आहे. अशा वेळी घरी येऊन मूल म्हणाले, “प्रश्नच चुकीचा होता,” तर “तुलाच आला नसेल” असे म्हणून आपण त्याला गप्प बसवू नये. कागद-पेन्सिल पुढे ठेवून समजावून सांगायला लावावे. त्याचे चुकले असेल तर ते शिकेल. बरोबर असेल तर मंडळाला सभ्य भाषेत पत्र लिहावे. गुण मिळोत न मिळोत, मोठ्या खुर्चीलाही चूक कबूल करावी लागते, हे त्याला लहानपणीच कळलेले बरे.