आधी कोणाचा, मग कोण

वऱ्हाडात अनोळखी पोरगा दिसला की त्याचं नाव नंतर विचारतात. पहिला प्रश्न असतो, "कोनाचा होय रे तू?" माय किंवा बाप गेलेल्या लेकराला हाच प्रश्न सर्वांत जड जातो आणि आपलं धर्मचिंतन त्याच्याशी भलत्याच प्रश्नावर बोलू लागतं. तेरवीला आलेली जाणती माणसं त्याला आत्मा अमर असल्याचं सांगतात. ते खरं की खोटं, हा वाद बाजूला ठेवू. माझं म्हणणं इतकंच, की आपण कोणाचे हे ठाऊक असलेल्यालाच 'मी कोण' या प्रश्नात शिरणं परवडतं, आणि मुलाच्या बाबतीत हा क्रम उलटवता येत नाही. याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातच आहे, तोही एका अद्वैतवाद्याच्या चरित्रात.

गुलाबराव महाराजांचा जन्म 1881 मध्ये लोणी टाकळीचा. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली, चौथ्या वर्षी आई गेली. मग आजोळी आजीनं सांभाळलं. पुढे याच माणसानं शंभरावर ग्रंथ सांगून लिहवून घेतले आणि मधुराद्वैत नावाचं दर्शन मांडलं. पण त्यांनी स्वतःची ओळख कशी सांगितली, ते पाहण्यासारखं आहे. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. कृष्णाची पत्नी या भावानं कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. मोहोड घराण्यात जन्मलेल्या पुरुषानं सहाशे वर्षांपूर्वीच्या संताची लेक व्हावं, ही त्यांच्या माधान-चांदूर बाजार परिसरात त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आणि बाप निवडला तोही कोणता? परंपरा सांगते, की ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांनी, विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी, देहान्त प्रायश्चित्त घेतलं तेव्हा ज्ञानेश्वरांसह चारही भावंडं लहान होती आणि संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली होती. आईविना वाढलेल्या मुलानं पोरक्या ज्ञानेश्वरांच्या पदरात जागा शोधली.

यावर जाणकार हरकत घेतील, की हे आजचं मानसशास्त्र जुन्या संताच्या माथी मारणं झालं. मधुराभक्तीत गोपीभाव मुळातच आहे, त्यासाठी आईच्या मरणाची गरज काय? हरकत रास्त आहे, पण अर्धीच. गोपीभावानं कृष्णाची पत्नी होण्याचा खुलासा होतो. ज्ञानेश्वरांची मुलगी होण्याचा होत नाही. ज्ञानेश्वरांना माउली सगळेच वारकरी म्हणतात, तरी कोणी आपली ओळखच त्यांची लेक म्हणून सांगत नाही. आईच्या मृत्यूतूनच हे आलं असं सिद्ध करता येणार नाही, हे मान्य. मात्र त्या बालपणात जी जागा रिकामी पडली होती, नेमकी तीच या नात्यानं भरली, एवढं दिसतं. दुसरी हरकत अधिक खोल आहे: अद्वैतात 'माझं' हाच भ्रम, मग पोरक्याला नवं नातं देणं म्हणजे त्याला भ्रमात आणखी गुंतवणं. याचं उत्तर खुद्द मधुराद्वैतात आहे. ज्ञान झाल्यावरही प्रेमाचं नातं उरू शकतं आणि त्यानं अद्वैताला बाध येत नाही, हा त्या दर्शनाचा गाभा. हे सांगणारा माणूस नात्यांच्या बाबतीत भाबडा नव्हता.

एकाच असामान्य माणसावर सिद्धान्त उभा करू नये, हेही खरं. म्हणून शेंडगावचा डेबू बघू, पुढचे गाडगेबाबा. 1884 मध्ये दारूपायी बाप गेला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आईनं त्याला मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे नेलं. डेबूनं नवा बाप शोधला नाही. चरित्रकार सांगतात, की पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यानं जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू न देता गोडाचं जेवण घातलं. जमलेले भाऊबंद बिथरले असणार, यात नवल नाही. मेलेल्या बापाचा मुलगा राहूनच बापानं धरलेली वाट सोडता येते, हे त्यानं पंगतीत दाखवलं. गुलाबरावांच्या मार्गापेक्षा हा मला अवघड वाटतो, कारण इथे दुःखाबरोबर रागही सोसावा लागतो.

आज अकोला-अमरावतीत शेतकरी बापानं गळफास घेतला की मुलाची ओळख कागदावर ठरते. शेती नावावर होती का, कर्ज कोणाचं, नापिकी होती का, हे तपासून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. पात्र असेल तर 1 लाख रुपये. मदत हवीच, आणि निकषांशिवाय सरकारी पैसा वाटता येत नाही, हेही कळतं. पण सातवीतल्या मुलाच्या कानावर 'अपात्र' पडतं तेव्हा त्याला ते प्रकरणाविषयी वाटत नाही, बापाविषयी वाटतं. आणि पात्र ठरलेल्या घरातला मुलगा शाळेत 'आत्महत्याग्रस्ताचा' म्हणून ओळखला जातो. 'कोनाचा?' या प्रश्नाला मरणाच्या प्रकारानं उत्तर देणं हा त्या मुलावर दुसरा घाव आहे. तिथे आत्म्याच्या अमरत्वाचं प्रवचन कामाला येत नाही.

'कोनाचा?' या प्रश्नाला वेगळं उत्तरही देता येतं. परतवाड्याजवळ वझ्झरला टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना शंकरबाबा पापळकरांनी वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रक्ताचं नाही ते नातं खोटं, असं म्हणणाऱ्यानं गुलाबरावांनाही खोटं ठरवावं लागेल. पापळकरांची मागणी मात्र त्या सन्मानाहून जुनी आहे: बालगृहातलं मूल अठरा वर्षांचं झालं की बाहेर, हा नियम अशा मुलांना लावू नका. शासनाच्या लेखी ती मुलं संस्थेची, आणि संस्थेतला मुक्काम वयाबरोबर संपतो. बाप मानलेल्या माणसाला ते गणित मान्य नाही.