मुंगीची साक्ष

मागं एकदा अभ्यासवर्गाला एक पोरगा उशिरा आला. बारावी सायन्सचा. आला तो तोंड पाडूनच. विचारलं, काय झालं रे? तर म्हणाला, "दादा, आज सर म्हणाले, जात काय माणसानं केलेली न्हाई, ती निसर्गातच हाय. मुंग्यांत बघा, मधमाश्यांत बघा. राणी ती राणीच, कामकरी ती कामकरीच. इंग्रजी पुस्तकात त्याला 'कास्ट'च म्हनत्यात. मला उत्तरच सुचलं न्हाई."

त्याला त्या दिवशी जे अर्धंमुर्धं उत्तर दिलं, ते नीट करून इथं लिहितो. कारण हा प्रश्न त्या एका वर्गापुरता नाही. पोथीचा आधार खचला की माणसं निसर्गाचा आधार शोधायला लागतात. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. आता चारचौघांत मनूचं नाव घ्यायची चोरी झाली, म्हणून मुंगीला पुढं करतात. मनूला प्रश्न विचारता येतो, मुंगीला कुठं विचारणार?

आधी त्या 'कास्ट' शब्दाचंच बघू. पोर्तुगीज इथं आले, त्यांनी आपल्या जाती बघितल्या आणि त्यांना आपल्या भाषेतला 'कास्ता' हा शब्द लावला. त्याचा इंग्रजीत 'कास्ट' झाला. पुढं मुंग्या-वाळवीचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांना वारुळातले गट सांगायला शब्द हवा होता, त्यांनी हाच उचलला. म्हणजे शब्द माणसाकडून मुंगीकडं गेला. आणि आता तोच शब्द दाखवून सांगतात, बघा, मुंगीतसुद्धा जात आहे! आपलं पाप मुंगीच्या माथी मारायचं आणि मग तिलाच साक्षीदार म्हणून कोर्टात उभं करायचं, असा हा प्रकार आहे.

बरं, साक्षीदार आणलाच आहे तर त्याची उलटतपासणी करू. मोहोळात शिरू.

राणीमाशी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यातून निघतात. राणीचं अंडं वेगळं नसतं. पहिले तीनेक दिवस सगळ्याच अळ्यांना पांढरं सत्त्व, म्हणजे रॉयल जेली मिळते. पुढं जिला तेच खाणं भरपूर मिळत राहतं ती राणी होते, आणि जिला मध-परागाच्या खाण्यावर आणलं जातं ती कामकरी. राणी अचानक मेली तर माश्या कामकरी व्हायला निघालेलीच एखादी कोवळी अळी निवडतात, तिचं घर मोठं करतात, तिचं खाणं बदलतात आणि तिचीच राणी करतात. जन्म तोच, ताट वेगळं. आपल्या लोकांना ताटाची गोष्ट वेगळी सांगायला नको.

पुढं ऐका. कामकरी माशी घरातून बाहेर पडली की पहिलं काम कोणतं करते? झाडलोट. रिकामी झालेली घरं साफ करते. मग अळ्यांना भरवते, मग मेण काढून पोळं बांधते, कुणी दारावर राखण करते आणि शेवटी फुलांवर जाते. कामं वयाप्रमाणं बदलत जातात, गरज पडली तर मागंपुढंही होतात. जर्मनीत मार्टिन लिंडावर नावाच्या संशोधकानं खूण केलेल्या एकेका माशीवर तासन् तास नजर ठेवली, त्याचं काम १९५२ साली छापून आलं. त्याला दिसलं, माशी नुसती राबत नाही. बराच वेळ हिंडून कुठं काय हवं ते बघते आणि बराच वेळ स्वस्थ बसते. तिच्या पाठीवर कुणाचा आसूड नसतो.

आणि मेलेलं ओढायचं काम? मोहोळात रोज माश्या मरतात. त्यांची मढी ओढून लांब टाकणाऱ्या थोड्या माश्या असतात. हे वाचलं तेव्हा मला माझा आजा आठवला. गावात जनावर मेलं की हाक यायची. पाटलाचा बैल जिवंत असेस्तोवर पाटलाचा, मेला की आमचा. आज्यानं ते केलं, त्याच्या बापानं केलं, आणि माझ्या बापानं हातातला दोर खाली टाकला तेव्हा गावानं आमचं पाणी बंद केलं. मोहोळात आज मढं ओढणारी माशी थोड्या दिवसांनी फुलांवर जाते, मध आणते आणि तोंडानं तोंडात भरवते. तिच्या हातचं कुणी नाकारत नाही. तिच्या लेकराच्या नशिबी हे काम येत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिलं की काम वाटून घेणं वेगळं आणि काम करणाऱ्यांनाच कप्प्याकप्प्यांत बंद करणं वेगळं. मोहोळात पहिलं आहे. गावात दुसरं होतं, आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे. मैला वाहण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला आणखी एक झाला, तरी गटारात उतरून मरणारी माणसं कोणत्या वस्तीतली असतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

इथपर्यंत सांगितलं की टाळ्या पडतात. मीही घेतल्या आहेत. एका वस्तीत मी असंच बोललो आणि शेवटी म्हणालो, समता शिकायची तर मधमाशीकडून शिका! टाळ्या झाल्या. मागं एक मावशी बसली होती, उभं आयुष्य रानात पोळी काढण्यात गेलेली. ती म्हणाली, "लेकरा, दिस वाईट आलं की त्याच माश्या नरांना भाईर ढकलत्यात, उपाशी मारत्यात. म्हाताऱ्या राणीला बी ठिवत न्हाईत. ते बी शिकायचं का?"

मी गप्प झालो. मावशीनं माझं सगळं भाषण एका वाक्यात उतरवलं होतं.

मुंग्यांचंच बघा. जिनिव्हाच्या प्येर ह्यूबेरनं १८१० मध्ये गुलाम करणाऱ्या मुंग्यांची हकीकत लिहिली. डार्विननं १८५९ च्या आपल्या ग्रंथात तिची चर्चा केली. या मुंग्या दुसऱ्या जातीच्या वारुळावर धाड घालतात, त्यांचे कोष पळवून आणतात. त्यातून निघालेल्या मुंग्या धाडखोरांचं घर सांभाळतात, पिल्लं वाढवतात. धाडखोरांचे जबडे विळ्यासारखे, लढाईला उत्तम, पण स्वतःचा घास स्वतःला घेता येत नाही. शेजारी अन्न असलं तरी भरवणारं नसेल तर उपाशी मरतात. वाचताना मला आमच्या गावचा वाडा दिसला. मग यावरून गुलामी योग्य ठरते का?

दुसऱ्या बाजूनं बघा. २००९ मध्ये जर्मनीतल्या सुझाने फॉइट्झिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एका जातीतल्या गुलाम मुंग्या मालकांचे कोष मोठ्या संख्येनं मारून टाकतात. विद्रोह! आपल्या पोरांना हे ऐकून स्फुरण चढेल. मग यावरून आपला विद्रोह योग्य ठरतो का?

नाही, दोस्तांनो. दोन्हीकडं उत्तर एकच, नाही. मुंगी काय करते यावरून माणसानं काय करावं हे निघत नाही. ज्या काठीनं ते आपल्याला हाणतात ती हिसकावून त्यांना हाणायला मजा येते, पण काठी तीच राहते. उद्या एखादा किडा खरोखर जन्मानंच गुलाम निघाला, तर आपण हरलो असं म्हणायचं? मनुस्मृती जाळली ती तिच्या जागी मोहोळ ठेवायला नाही.

तरी सर म्हणतील, सैनिक मुंगीचं डोकंच मोठं असतं, जबडे वेगळे असतात, ते कसं नाकारणार? नाकारायचंच नाही. हाच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी आला होता. सुत्तनिपातातलं वासेट्ठ सुत्त काढून वाचा. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण भांडत भांडत भगवंतांकडं आले. ब्राह्मण जन्मानं होतो की कर्मानं? बुद्धांनी गवतापासून सुरुवात केली. गवत-झाडं, किडे, पतंग, अगदी मुंगीपर्यंत, मग जनावरं, साप, मासे, पाखरं, सगळी नेली. या प्रत्येकात जन्मानं आलेली वेगळी खूण दिसते. मग ते माणसाच्या अंगावर आले. केस, डोकं, कान, डोळे, हात, पाय, कुठंच तशी खूण नाही. माणसामाणसांतला फरक नावापुरता, बोलण्यातला. म्हणजे मुंगीची साक्ष तेव्हाच तपासून झालेली आहे, आणि ती जातीच्या विरुद्ध गेली आहे.

मुंगीला, तू गुलाम आहेस, असं सांगता येत नाही. तिनं मालकाचा कोष फोडला तरी तिला न्याय माहीत नसतो, आणि मालक मुंगीला अन्याय माहीत नसतो. म्हणून मुंगीवर माझा राग नाही. माणसाला सांगता येतं. माझ्या बापाला कुणीतरी सांगितलं, त्याला कळलं, त्यानं दोर खाली टाकला. तो दोर टाकणं कुठल्याही वारुळात लिहिलेलं नव्हतं. पाणी बंद करणाऱ्या गावालाही वेगळं वागता आलं असतं. येत होतं, म्हणूनच ते गुन्हेगार.

त्या पोराला मी शेवटी एवढंच म्हणालो, उद्या वर्गात उभा राहा आणि विचार, "सर, मुंगीचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"