दूरस्थ दुःखाचा भार

१५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत बॉम्बस्फोट झाले, आणि त्यानंतर संशोधकांनी हजारो अमेरिकनांची विचारपूस केली, तेव्हा असे निष्पन्न झाले की, ज्यांनी पुढच्या आठवड्यात रोज सहा वा अधिक तास त्या अनर्थाची वृत्ते व चित्रे पाहिली, त्यांच्या मनावरील तीव्र ताण घटनास्थळी वा जवळपास हजर असलेल्यांहूनही सरासरीने अधिक होता. ही हकीकत वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे; कारण दिवा मालवल्यावर, उशाशी ठेवलेल्या मोबाइलच्या उजेडात, माझी नातही जगभरचे आक्रोश एकटीच ऐकत असते, आणि सकाळी तिचा म्लान चेहरा पाहून आम्ही तिला आळशी ठरवतो. आज चहाचा पेला घेऊन तिच्याजवळ बसणार आहे. रात्री काय पाहिलेस, एवढेच विचारणार आहे.