झांकली मूठ आणि लेखी प्रत

'झांकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आमच्या समाजांत संसाराच्या बाबतींत जितकी वापरली जाते तितकी व्यापारांतहि जात नसेल. नवऱ्यानें बायकोवर हात टाकला हें शेजारीं ठाऊक असतें, माहेरींहि ठाऊक असतें. तरी तें कोणीं बोलूं नये असा संकेत आहे. म्हणून अशी स्त्री पोलिसठाण्याची पायरी चढली म्हणजे मारणाऱ्यापेक्षां तिनेंच मर्यादा सोडली असें ठरतें. त्यांतून जबाब लिहून झाल्यावर "मला याची प्रत हवी" असें ती म्हणाली, तर भोंवतालचे चपापतात. सांगितलें, मन मोकळें झालें. आतां कागद कशाला? हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. आम्हांस तो नीतीचा वाटतो.

कांहीं वर्षांपूर्वीं शेजारच्या एका बाईंनीं सोबत मागितली म्हणून आम्ही एका पोलिसठाण्यांत गेलों होतों. ठाणे अंमलदार सौजन्यानें वागले. "ताई, मिस्टरांना बोलावून समज देतों, लिहायची काय गरज?" असें ते दोनदां म्हणाले. बाई ऐकेनात तेव्हां त्यांनीं लिहून घेतलें व वाचून दाखविलें. त्यांत 'पतिपत्नींत किरकोळ वाद होऊन' असे शब्द आले. बाईंचें मनगट मोडलें होतें. हात प्लॅस्टरमध्यें होता. "किरकोळ हा शब्द माझा नाहीं," एवढेंच त्या म्हणाल्या. खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं आम्हांस त्यांचाच संकोच वाटला. एका शब्दासाठीं इतकें ताणूं नये, असें मनांत आलें.

पुढें विचार करतां कळलें कीं, सारें त्या एका शब्दांतच होतें. साधी दुखापत करणें हा कायद्यानें अदखलपात्र गुन्हा आहे. त्याची नुसती नोंद होते, दंडाधिकाऱ्याच्या आज्ञेवांचून पोलिसांस तपास करतां येत नाहीं. हाड मोडणें मात्र दखलपात्र आहे. पतीच्या किंवा सासरच्यांच्या क्रौर्याचें कलम १९८३ सालीं दंडसंहितेंत आलें, तें आतां भारतीय न्याय संहितेंत ८५ वें आहे. तेथेंहि पीडितेनें किंवा तिच्या जवळच्या नातलगानें खबर दिली तर गुन्हा दखलपात्र होतो. तेव्हां लिहिणाऱ्याच्या एका विशेषणानें तपासाचें दार उघडतें किंवा लागतें. म्हणूनच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें, व १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेंहि, अशी तोंडी खबर लिहून घ्यावी, वाचून दाखवावी, सही घ्यावी आणि प्रत तत्काळ विनामूल्य द्यावी असें सांगितलें आहे. खबर घेण्याचें नाकारलें तर ती पोलिस अधीक्षकाकडे लेखी धाडतां येते. प्रत ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

कोणी म्हणेल, कागद झाला कीं समेट संपला. ही भीति अगदींच पोकळ नाहीं. २०१३ सालीं ललिताकुमारी खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरविली, तरी वैवाहिक तंट्यांत आधीं प्राथमिक चौकशी करण्यास वाव ठेवला. खोट्या फिर्यादी होतच नाहींत असेंहि आम्ही म्हणत नाहीं. परंतु खोटी फिर्याद खोटी ठरवावयाची तरी ती लेखी असावी लागते. जी बाई प्रत मागते ती आपल्या शब्दांनीं स्वतःस बांधून घेते. उद्यां तिलाहि तो शब्द फिरवितां येणार नाहीं. आणि समेट कशाचा? झालें तें मान्य करून पुढें जाणें निराळें, व कांहीं झालेंच नाहीं असें सर्वांनीं मिळून ठरविणें निराळें. आमच्यांतील बहुतेक समेट दुसऱ्या जातीचे असतात, आणि त्यांत पंच म्हणून बसण्याचा मान आम्हीं स्वतः एकदोनदां घेतला आहे.

असो. तो शब्द खोडला गेला, गुन्हा नोंदला गेला, प्रत मिळाली. बाहेर येतांच बाईंनीं ती आमच्या हातीं दिली. "काका, तुमच्याकडे राहूं द्या. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात." आम्हीं ती घेतली खरी; पण आपण यांत कशाला पडावें, त्या गृहस्थांशीं रोज जिन्यांत गांठ पडते, हेंच घरीं येईपर्यंत डोक्यांत घोळत होतें. ती प्रत अद्याप आमच्याच कपाटांत आहे.