विनोबांचे फावडे

वर्ध्याजवळ गोपुरीला गीताई मंदिर आहे. त्याला छप्पर नाही, आत मूर्ती नाही. ग्रॅनाइटच्या उभ्या शिळांवर गीताईचे अठराही अध्याय कोरलेले आहेत. १९८० साली, विनोबांच्या हयातीतच ते खुले झाले. सेवाग्राम पाहून आलेल्या सहली इथे थांबतात, मुले फोटो काढतात आणि गाडी पवनारला जाते. तिथे धाम नदी आहे, काठावरचे ब्रह्मविद्या मंदिर आहे, खोदताना सापडलेल्या भरत-रामाच्या शिल्पाचे देऊळ आहे. हे सारे जपलेले आहे आणि जपायलाच हवे. पण पवनारपासून तीनेक मैलांवर सुरगाव नावाचे खेडे आहे, तिकडे सहलीच्या गाड्या सहसा वळत नाहीत. माझ्या मते विनोबांचे चरित्र सांगायला घ्यावे ते सुरगावपासून.

स्वातंत्र्याच्या तोंडावरची गोष्ट. तुरुंगातून सुटून आलेले, पन्नाशी ओलांडलेले विनोबा रोज सकाळी खांद्यावर फावडे टाकून पवनारहून सुरगावला चालत जात. गावाबाहेरच्या वाटेवर लोक उघड्यावर बसत. ती घाण उचलायची, मातीआड करायची आणि परत यायचे. भाषण नाही, सभा नाही. वीस वर्षे हेच करायचे असा त्यांचा मनसुबा होता. एका पावसाळ्यात वाटेतल्या नाल्याला पूर आला आणि पलीकडे जाता येईना. तेव्हा पलीकडच्या काठावर दिसलेल्या माणसाला त्यांनी हाक मारून निरोप दिला, की देवळात जाऊन देवाला सांग, गावाचा भंगी येऊन गेला, पुरामुळे त्याला अलीकडूनच परतावे लागले. काय सांगशील, असे विचारल्यावर तो म्हणाला, बाबाजी आले होते असे सांगेन. विनोबांनी त्याला थांबवले आणि निरोप दुरुस्त करून दिला. त्या माणसाची जीभ अडखळली यात नवल नाही. गागोद्याच्या भाव्यांच्या घरातला, उपनिषदे मुखोद्गत असलेला ब्राह्मण स्वतःची ओळख अशी करून देतो, हे त्याच्या कानांना पटेना.

हे खूळ म्हातारपणचे नव्हते. साबरमती आश्रमात मैला वाहण्याचे काम करणारा माणूस आजारी पडला आणि त्याचा लहान मुलगा ती बादली उचलू लागला. ती त्याला पेलवेना, पोर रडू लागले. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा यांनी ते पाहिले आणि काम स्वतःकडे घेतले. मग विनोबाही त्यांच्यासोबत उतरले. आश्रमातसुद्धा, म्हणजे जिथे अस्पृश्यता मोडायची शपथ घेतली होती तिथे, ब्राह्मणाच्या पोरांनी हे करावे का यावर कुरकुर झाली. गांधीजी मात्र खूश झाले. पुढे १९३२ मध्ये विनोबा वर्ध्यालगतच्या नालवाडीत, दलित वस्तीत राहायला गेले. तिथेच गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. मेलेल्या जनावराचे कातडे कमावण्याचे काम ब्राह्मणाने हाती घेतले, तेही वर्ध्यात, आणि त्या काळात.

आता गीताईकडे या. ती लिहिली गेली आईसाठी. रुक्मिणीबाईंना संस्कृत येत नव्हते, मराठीतल्या जुन्या समश्लोकीही जड जात, तेव्हा विन्या तूच का करत नाहीस, असे त्यांनी मुलाला म्हटले होते. ७ ऑक्टोबर १९३० ला वर्ध्यात ती सुरू झाली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला पुरी झाली. आई तोवर हयात नव्हती. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ग्रंथ मूठभरांच्या ताब्यातून काढून साऱ्यांच्या हाती देणे आणि घाण काही ठरावीक जातींच्या डोक्यावरून काढून साऱ्यांच्या हाती देणे, ही एकाच सुधारणेची दोन कामे आहेत. विनोबांनी दोन्ही केली. आपण पहिले आनंदाने स्वीकारले, कारण त्यासाठी आपल्याला काही सोडावे लागले नाही. दुसऱ्याला आपण हात जोडले आणि बाजूला झालो.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा, आणि तो बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. भारतात माणूस कामामुळे मेहतर ठरत नाही, जन्मामुळे ठरतो. तेव्हा त्या कामाचे गोडवे गाणे म्हणजे ज्यांना ते सक्तीने करावे लागते त्यांची थट्टा, असे त्यांनी १९४५ मध्ये ठणकावून लिहिले. हा वार वर्मी बसतो. सफाईला पूजा म्हणणारे किती नेते झाडू घेऊन फोटोपुरते उभे राहतात ते आपण पाहतोच. पण विनोबांच्या बाबतीत एवढा फरक करावा लागेल, की ते सुरगावच्या कोणा मेहतराला तुझे काम किती थोर आहे हे सांगायला गेले नव्हते. ते काम स्वतः करायला गेले होते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी तर १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात हे काम आम्हालाही करू द्या म्हणून उपवास मांडला होता. सक्ती मोडायची तर ज्यांच्यावर सक्ती नाही त्यांनी वाटा उचलला पाहिजे, हा त्यातला साधा हिशेब होता.

गांधीजींच्या हत्येनंतर विनोबांचा सुरगावचा क्रम सुटला. १९५१ मध्ये ते शिवरामपल्लीच्या संमेलनाला चालत निघाले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले दान मिळाले. भूदानाची ती कथा सर्वांना ठाऊक आहे, तिचे यशही आणि कागदावरच राहिलेल्या जमिनीही. मला महत्त्वाची वाटते ती १९५७ ची शांतिसेना. दंगलीच्या वेळी दोन जमावांच्या मध्ये उभे राहणारा माणूस एरवी त्या वस्तीत सेवा करणाराच असला पाहिजे, असा विनोबांचा आग्रह होता. ज्याने वर्षभर तुमचे गटार साफ केले त्याच्यावर लाठी उचलताना तुम्ही थांबाल, अशी ती कल्पना. १९५३ मध्ये देवघरला दलितांबरोबर देवळात जाताना पंड्यांनी त्यांना मारले, कानाला कायमची इजा झाली. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, असेच तेव्हाही त्यांचे म्हणणे होते.

विनोबांवर वाद घालायचा म्हटला की आपण आणीबाणीला उद्देशून आलेले त्यांचे ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द काढतो. जरूर काढावेत, आणीबाणीतले त्यांचे वागणे मलाही पटत नाही. पण सोयीचे ते तेवढेच वादाला घ्यावे, हे काही खरे नाही. फावड्याचा वाद कोणी घालत नाही, कारण तो वाद थेट आपल्या घराच्या मागच्या बाजूला येतो.

तिथे काय दिसते? सेप्टिक टाकी भरली की फोन जातो. गाडी येते, आणि जिथे गाडीचा पाइप पोचत नाही तिथे माणूस उतरतो. तो कोणत्या समाजाचा असतो हे विचारावे लागत नाही. काम झाल्यावर त्याला पाणी देताना कोणता पेला काढला जातो, हेही घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०१९ ते २०२३ या काळात गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना देशात ३७७ माणसे मेली. बातमीत त्याला दुर्घटना म्हणतात. विषारी वायू असतो हे ठाऊक असताना, साधनांशिवाय माणूस आत सोडणे ही हिंसा आहे. अहिंसेवर व्याख्याने देणाऱ्या जिल्ह्याने तरी तिला दुसरे नाव देऊ नये.

कायदा आहे. २०१३ च्या कायद्याने अशी धोक्याची सफाई कोणाकडूनही करवून घ्यायला बंदी आहे. ही बंदी नगरपालिकेइतकीच घरमालकालाही लागू आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मृताच्या कुटुंबाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली.

११ सप्टेंबर विनोबांचा जन्मदिवस, १५ नोव्हेंबर स्मृतिदिन. वर्ध्यात, हिंगणघाटला, आर्वीला, पुलगावला गीताईचे पठण होईल, व्हायलाच हवे. आयोजकांना एवढेच सांगणे आहे, की ज्या सभागृहात कार्यक्रम ठेवाल त्याची टाकी कोण उपसते, कशाने उपसते आणि त्याला किती मजुरी मिळते, हे आधी विचारा. माणूस आत उतरत असेल तर ते काम त्याच दिवशी बंद करा आणि पुरेशा पाइपाची गाडी मागवा. आणि पठणाला जमलेल्यांच्या चहाच्या रांगेत तो माणूसही उभा असू द्या, त्याच कपाने.