द्या काय द्यायचं ते

स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला की पहिले चार दिवस आपण खाली भांडं ठेवतो. पाचव्या दिवशी, रात्रीच्या टपटपीने झोप उडाली की, प्लंबरला फोन करतो. माझंही तसंच झालं.

"काम काय आहे, काका?"

"वॉशर गेलाय बहुतेक."

"एवढ्यासाठी नाही जमत हो. आणखी दोन-चार कामं साठू द्या, एकदमच येतो."

मग मी कामं साठवली. फ्लशची टाकी भरून वाहते, बेसिनखालचा पाइप ओला असतो, गच्चीवरचा कॉक फिरत नाही. यादी फ्रिजवर चिकटवली. तिसऱ्या आठवड्यात तो आला. स्पिंडल काढला, जुना वॉशर नखाने खरवडून बाहेर काढला, नवा बसवला, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे दिले. सात मिनिटं. बाकीच्या कामांना तासभर. हात पुसत उभा राहिला तेव्हा मी विचारलं, "किती झाले?" आणि तो म्हणाला, "द्या काय द्यायचं ते."

हे वाक्य ऐकायला फार गोड आहे. त्यात आपलेपणा आहे, विश्वास आहे, आणि दोन माणसं एकमेकांकडे बघत मनातल्या मनात आकडे मोडत असल्याची ती अवघड शांतताही आहे. मी पाचशे दिले. त्याने न मोजता खिशात टाकले, पण "येतो" म्हणाला नाही. जास्त दिले की कमी, मला आजतागायत कळलेलं नाही.

आपल्याकडे मोठ्या कामाचे भाव कसे ठरतात, ते नीट पाहण्यासारखं आहे. वायरिंग पॉइंटवर होतं. फरशी स्क्वेअर फुटावर बसते. रंगारी फुटावर बोलतो, मिस्त्री हजेरीवर किंवा ठेक्यावर येतो. म्हणजे मोठ्या कामाला माप आहे. ढिल्या बिजागरीला, अडकलेल्या कडीला, ठिबकणाऱ्या नळाला मापच नाही, म्हणून भावही नाही. आणि भाव नाही म्हणून त्यांची जाहिरातही नाही. विजेच्या खांबावर 'वॉटरप्रूफिंग', 'बोअरवेल', 'ड्रेनेज साफ करून मिळेल' असे फलक दिसतील. 'वॉशर बदलून मिळेल' हा फलक मी पुण्यात अजून पाहिलेला नाही.

पूर्वी तो फलक नव्हता, पण आरोळी होती. कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी ओरडायचा, मग पिंपळाखाली भाता मांडायचा आणि गल्लीभरची पातेली तिथे येऊन पडायची. भाव नगावर, तो आधी ठरलेला, आणि घासाघीस चारचौघांत. सुरीला धार लावणाराही तसाच. या लोकांनी एक गोष्ट सहज साधली होती: येण्याचा खर्च गल्लीने मिळून उचलला. आजही गॅसची शेगडी दुरुस्त करणारा भोंगा लावून फिरतो तो याच हिशेबाने. नळ मात्र उचलून पिंपळाखाली नेता येत नाही. तिथे माणसालाच धायरीहून सदाशिव पेठेत यावं लागतं, पेट्रोल जाळून, पार्किंग शोधून, तीन जिने चढून. सात मिनिटांच्या कामाची किंमत आपण सात मिनिटांवर धरतो आणि तो बिचारा दीड तासावर धरतो. भांडण इथेच आहे.

भाव न बोलण्याची आपली सवय जुनी आहे. बलुतेदारीत फाळ शेवटून घेतला, नाडा वळून घेतला, की रोख काही द्यायचं नसे. सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं. या व्यवहाराचा बारीक तपशील त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) आहे. सगळं घरच्यासारखं, असं तेव्हाही म्हटलं जात असणार. पण किमतीशिवायचं काम कोणाच्या अंगावर पडतं, हे ज्यांच्यावर पडलं त्यांना पक्कं ठाऊक होतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाबाबत दुरुस्ती विधेयक आणलं. वतनदाराने कोणती कामं करायची हे ठरलेलं असावं आणि बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, हा त्यातला मोठा भाग होता. माझ्या नळाची तुलना त्या वेठीशी करायची नाही, तो उद्धटपणा होईल. पण 'द्या काय द्यायचं ते' या वाक्यातला शेवटचा शब्द नेहमी देणाऱ्याच्याच हाती राहतो, हे तेव्हापासूनचं आहे.

लहान कामाचा भाव आधीच लिहून ठेवावा म्हटलं, तर जुन्या प्लंबरांचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. भाव लिहिला की फसगत होते. वॉशरसाठी नळ उघडावा आणि जुन्या लोखंडी पाइपाचे आटेच पान्ह्याबरोबर बाहेर यावेत. मग भिंत फोडा. लिहिलेल्या भावात भिंत कशी फोडणार? खरं आहे. पण इथे दोन किमतींची गल्लत होते. काम किती निघेल ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही. येण्याचं मात्र सांगता येतं, आणि ते सांगायची त्याला लाज वाटते. ती लाज मग दुसरीकडून फिटते: वॉशरऐवजी अख्खा नळच बदलायला सांगितला जातो, नाहीतर फोनच उचलला जात नाही. न सांगितलेला भाव शेवटी आपणच भरतो, फक्त पावती मिळत नाही.

२०१४ मध्ये मोबाइलवरून कारागीर बोलवायचं अर्बनक्लॅप आलं, २०२० मध्ये त्याचं नाव अर्बन कंपनी झालं. दर आधी दिसतो, माणूस ठरलेल्या वेळी येतो. आमच्या सोसायटीत कोपऱ्यावरच्या प्लंबरशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणारे लोक मोबाइलवर तो दर मुकाट्याने भरतात. मग कोपऱ्यावरच्याने पाटीवर 'येण्याचे २००, काम वेगळं' असं लिहिलं तर तो लोभी कसा? मला तरी उलट वाटतं. त्याने लिहावं, ठळक लिहावं, आणि कंपनीला द्यावा लागणारा वाटा स्वतःच्या खिशात ठेवावा.

हे मी त्याला पुढच्या खेपेला बोललोही. तो हसला. "काका, लिहिलं तर पेठेतले लोक पाटी वाचायला येतील, काम द्यायला नाही." जाताना त्याने पिशवीतून तीन वॉशर काढून माझ्या हातावर ठेवले आणि मेन कॉक कुठे बंद करायचा ते दाखवलं. एवढंसं तुम्हीच करत जा, म्हणाला. पैसे विचारले तर मान हलवली.

वॉशर कात्रीशेजारी ड्रॉवरमध्ये पडून आहेत. परवा नळ पुन्हा ठिबकायला लागला. मी फोन केला आणि तो काही बोलायच्या आत सांगून टाकलं, "येण्याचे दोनशे, काम वेगळं." पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाला, "चारला येतो."